भागूबाईचे वारूळ

भागूबाईला अळंबी कुठे सापडते, हे तिच्याच घरात राहून मला पाच पावसाळे कळले नाही. सहाव्या पावसाळ्यात कळले, आणि ते तिनेच दाखवले. दाखवायला निघाली त्या सकाळचा तिचा चेहरा मी पाहिला आहे. मयताला निघालेली माणसेही वाटेत दोन शब्द बोलतात. ती बोलली नाही.

तिसगावपासून तीन मैलांवर, डोंगराच्या पायथ्याला साठ-सत्तर उंबऱ्यांची वाडी होती. तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेवर मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष झाले होते. त्याआधी नगरला एका साप्ताहिकात दोन वर्षे बातम्या लिहिल्या होत्या. संपादक विशेषणे पेन्सिलीने खोडत आणि समासात एकच प्रश्न लिहीत : कोणी पाहिले? वाडीतूनही मी त्यांना पावसाची, टोळधाडीची, रोगराईची बातमी पाठवत असे. राहायला भागूबाईच्या घराची पडवी मिळाली होती. पडवीतून घराचे दार, अंगण, चुलीचा कोपरा आणि माळाकडे जाणारी वाट एवढे दिसे. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक तिथे बसून पाहिलेले आहे.

घर दोघा भावांचे, चूल एक. थोरल्याची बायको भागूबाई. चाळिशीची, उंच, वाळलेली, कपाळावर मोठे गोंदण. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. नवरा समोर येईल ते खाई आणि उठून गोठ्यात जाई. त्याचे बोलणे मी इतक्या वर्षांत फारसे ऐकले नाही. धाकटा किसन बोलका होता. त्याचे लग्न तेव्हा व्हायचे होते.

वाडीतल्या सगळ्याच बायका अळंबी आणत. हा माळाचा मुलूख. पाऊस हात राखून पडतो. भाजी पिकत नाही त्या महिन्यांत जमिनीतून फुकट येणारी अळंबी म्हणजे घरात सण असे. पण इतर बायकांना ती सापडे, भागूबाई ती आणी. या दोन क्रियापदांतला फरक वाडीला माहीत होता.

मृगात ती जात नसे. "जमीन अजून तापल्याली हाय," म्हणे. आर्द्रा नक्षत्र लागले आणि गडगडाट झाला की तिसऱ्या दिवशी ती पहाटे निघे. त्या वेळी वारुळांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक छत्र्यांचे थर येतात. त्या ती ओच्यात आणी आणि ताकात शिजवी. पुढे आश्लेषा, मघा. तेव्हा वारुळाची मोठी अळंबी येई, तळहाताएवढी, वर करडी आणि खाली दुधासारखी. हस्ताच्या पावसात जुन्या मेंढवाड्यांच्या जागा. दिवाळीनंतर कडब्याच्या गंजीखाली काही तरी उगवे. त्याला ती हात लावत नसे. "ते भिकाऱ्याचं," म्हणे. मोठी अळंबी ती सुईदोऱ्यात ओवून चुलीवरच्या धुरात टांगी आणि माघात, सगळ्यांच्या घरी डाळ आणि मिरची उरलेली असताना, तिच्या तव्यावरून वास येई. उन्हाळ्यातही ती माळावर जाऊन येई. उन्हाळ्यात काय असते, असे मी एकदा विचारले.

"वाळवी जित्ती हाय का बगाया नको?" ती म्हणाली. "ती हाय तर वारूळ हाय. वारूळ हाय तर समदं हाय."

निघताना तिच्या हातात विळा आणि दोरी असे, गवताला निघाल्यासारखी. परतताना डोक्यावर गवताचा भारा असे आणि अळंबी भाऱ्याच्या पोटात, पळसाच्या पानांत बांधलेली. ती मुळासकट कधी उपटत नसे. नखाने देठ जमिनीशी खुडी आणि वरून माती, काडी-कचरा सारून जागा अशी करी की शेळीलाही पत्ता लागू नये. दोनदा एका वाटेने जात नसे. चालताना खाली बघत नसे. मी तिच्यामागून ओढ्यापर्यंत एकदा गेलो होतो. मी सगळा वेळ जमिनीकडे पाहत होतो आणि मला दगड दिसले. ती समोर पाहत होती आणि तिने वाटेत चार अळंब्या खुडल्या. पाहणे हा माझा धंदा होता. मला तिचा हेवा वाटला, हे नोंदवून ठेवतो.

अळंबीची जागा विचारणे वाडीत असभ्य समजत. तरी कोणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले असे : "तितं काय न्हाई, कुत्र्याच्या छत्र्या हायती." कुत्र्याची छत्री म्हणजे खायला न चालणारी. विचारणारीला हे खोटे आहे हे माहीत असे, सांगणारीला तिला माहीत आहे हेही माहीत असे, आणि दोघी हसून पुढे जात. इतर बायका हे खोटे हंगामात चार-पाचदा बोलत. भागूबाई रोज बोले. न विचारताही बोले. तिच्या हिशेबाने अख्ख्या माळावर, ओढ्याच्या दोन्ही काठांना आणि डोंगराच्या उतारावर कुत्र्याच्या छत्र्यांशिवाय काही उगवतच नव्हते.

आमच्या भिक्षुकी घराण्यात अळंबी निषिद्ध. कांदा-लसूण चातुर्मासात बंद, अळंबी बारा महिने बंद. पहिल्याच पावसाळ्यात चुलीवरचा वास पडवीत आला आणि मी पुस्तक मिटून दाराशी गेलो.

"मास्तर, बामनाला चालती का ही?"

"चालत नाही."

"मग हितं कशापायी हुबं राह्यलाय?"

तिने बाजरीच्या भाकरीवर दोन पळ्या वाढल्या. मी खाल्ले. तिने तिसरी पळी वाढली आणि म्हणाली, "तुमाला द्यायला बरं. तुमी कुनाला सांगनार न्हाई."

किसनचे लग्न झाले ते माझ्या तिसऱ्या वर्षी. तो बैल घ्यायला सह्याद्रीकडल्या अकोल्याच्या डोंगरात गेला होता, तिथे सोयरीक जमली. इतक्या लांबची मुलगी वाडीत पहिलीच. सखू तिचे नाव. सतरा-अठराची, ठेंगणी, चालता चालता गाणारी. तिच्या माहेरी घाटाचा पाऊस, महिना महिना न थांबणारा. तिथे अळंबी पोत्याने येते, असे ती म्हणाली. भागूबाई तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी एका बाजूला जाड झाली.

पहिल्याच आश्लेषात सखू पाण्याला गेली आणि घागरीऐवजी पदर भरून आली. उघडा पदर घेऊन अख्ख्या वाडीतून चालत आली. वाटेत जिने विचारले तिला जागा सांगितली आणि तीन घरी वाटून उरलेली घरी आणली.

"आक्का, बघा किती!"

भागूबाईने पाहिले. "कुटं?"

"हितंच की, म्हसोबाच्या पलीकडं. आजून हायती तितं. उद्या तुमी बी चला."

"कुनाकुनाला सांगितलंस?"

"इचारलं त्यांना समद्यांना."

त्या दिवशी भागूबाई जेवली नाही. पोटात दुखते म्हणाली. संध्याकाळी तिने ज्या तीन घरी वाटप झाले त्या तिन्ही घरी काही ना काही निमित्ताने जाऊन कोणाला किती मिळाली ते पाहिले. आल्यावर सखूला म्हणाली, "सखे, अशी वाटत फिरू नगंस."

"आमच्याकडं कुनी लपवीत न्हाई आक्का. डोंगरच येवढा हाय."

"तुमच्याकडं डोंगर हाय. हितं माळ हाय. माळावर जे उगवतं ते येकालाच पुरतं."

यानंतर घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. सखू पाण्याला निघाली की भागूबाईला ओढ्यावर काम निघे. सखू परत आली की भागूबाई तिच्या पायांकडे आधी पाही, तोंडाकडे नंतर. सखूच्या स्वयंपाकाला ती नावे ठेवत नसे, तिच्या गाण्याला नाही, उशिरा उठण्यालाही नाही. फक्त अळंबी. किसन मला म्हणाला, "मास्तर, सवत असती तर वैनीला येवढा जाळ झाला नसता."

पुढच्या वर्षीची नागपंचमी वाडीत अजून सांगतात. त्या दिवशी जमीन खणायची नाही, काही चिरायचे-कापायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. बायका नव्या बांगड्या भरून, गाणी म्हणत गावदरीच्या, वाडीलगतच्या रानातल्या मोठ्या वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातात. शाळेला सुट्टी होती आणि मी बातमीसाठी गेलो होतो. बायका वारुळाशी पोहोचल्या आणि गाणे मध्येच थांबले. वारुळाच्या एका अंगाला, बुडापासून कमरेपर्यंत, अळंबी फुटली होती. ताजी, त्याच पहाटेची. मी मोजली, बेचाळीस होती. मागे लहान कळ्या होत्या त्या मोजल्या नाहीत.

तीस-पस्तीस बायका उभ्या होत्या आणि एकीलाही नख लावता येत नव्हते. खुडणे म्हणजे कापणेच. प्रत्येकीने मनात उद्याची पहाट धरली, हे चेहऱ्यांवर दिसत होते. सखू तर बोलूनच गेली, "आक्का, उद्या तांबडं फुटायच्या आत येऊ आपन."

भागूबाईने ताट खाली ठेवले. वारुळाला हळद-कुंकू वाहिले, दूध ठेवले. मग ती अळंबीकडे वळली. एका छत्रीला हळद लावली. कुंकू लावले. वर लाही ठेवली, हात जोडले. मग दुसरीला. बायकांना काय चालले आहे हे कळायला दहा-बारा छत्र्या जाव्या लागल्या. कोणी तरी "अगं भागे, अगं" म्हणाले. तिने ऐकले नाही. बेचाळिसांची पूजा करून ती उठली आणि मोठ्याने म्हणाली, "नागोबाची हाय. त्याचं त्याला."

पुजलेले कोण खाणार? दुसऱ्या दिवशी कोणी गेले नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि अळंबी काळी पडून वारुळावरच लोळागोळा झाली. भागूबाई दोन्ही दिवस लांबून पाहून आली.

सखूला हसू आवरत नव्हते. "आक्का, तुमाला बी न्हाई मिळाली की."

"तुला तर न्हाई मिळाली," भागूबाई म्हणाली, आणि त्या दिवशी तिने पोटभर जेवण केले.

हे सगळे हसण्यावारी जात होते. सहाव्या वर्षी जे झाले ते हसण्यावारी जाणारे नव्हते.

लढाई संपली होती. पोळा होऊन गेला होता. सखूला सातवा महिना होता आणि तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सर्व्हिस मोटारीने दोघे नगरमार्गे जायचे होते. रविवार होता, मी पडवीत वह्या तपासत बसलो होतो. सखू सकाळी बाहेर गेली आणि टोपली भरून अळंबी घेऊन आली. मोठ्या, पांढऱ्या, ताटलीसारख्या छत्र्या. भावासाठी आणल्या होत्या. भागूबाई अंगणात मटकी निवडत होती. तिने टोपली भरलेली पाहिली. टोपलीत काय आहे ते तिने पाहिले नाही. सूप खाली ठेवून ती तशीच माळाच्या वाटेला लागली.

ती का गेली हे मला नंतर कळले. सखूला आपले वारूळ सापडले, असे तिला वाटले. गेली एकोणीस-वीस वर्षे एकटीने राखलेली एक जागा होती. तिथलीच ही टोपली, असा तिचा समज झाला. ती दीड तासाने परतली. चेहरा मोकळा होता. वारूळ जसेच्या तसे होते. मग ही टोपली कुठली, हा प्रश्न तिला तेव्हा पडला. जाण्याआधी तिने टोपलीत वाकून पाहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते. ही गोष्ट तिने स्वतः मला नंतर दोनदा सांगितली. दोन्ही वेळा एकाच शब्दांत.

तोवर कालवण शिजत आले होते. किसन आणि सखूचा भाऊ ओसरीवर पाटावर बसले होते. भागूबाई चुलीशी गेली. सुपात चार-पाच कच्च्या छत्र्या उरल्या होत्या. एक उचलून तिने उलटी केली.

"सखे, कुटनं आनली ही?"

"माळावरनं. मेंढरं बसल्याली तितनं. का?"

"ही खायाची न्हाई. वत ते."

सखू हसली. "व्हय व्हय. कुत्र्याच्या छत्र्या हायती."

ओसरीवरून किसन म्हणाला, "वैनी, आता तरी नवं काई काढा! पावनं आल्यात घरी."

"किसन, हसू नगंस. ह्या येळी खरं हाय."

"ह्या येळी," किसन पाहुण्याकडे बघून म्हणाला आणि दोघे हसले. सखूने ताटे मांडायला घेतली.

भागूबाईने चुलीतले लाकूड ओढले आणि त्याने भांडे उलथे केले. कालवण चुलीपुढे पसरले. रस्सा तिच्या पायावर उडाला; तिने पाय मागे घेतला नाही. सखू किंचाळली. किसन उठून आत आला. त्या गोंधळात भागूबाईने आणखी एक गोष्ट केली, ती मी पाहिली. अंगणातल्या कोंबड्या दारात आल्या होत्या. तिने चुलीतली राख दोन्ही हातांनी ओढून सांडलेल्या कालवणावर पसरली आणि कोंबड्या हुसकल्या. मत्सराने भांडे उलथणारी बाई कोंबड्यांचा विचार करील असे मला वाटले नाही. पण हे माझे अनुमान झाले. बाकीच्यांनी फक्त भांडे पाहिले होते.

"माझ्या भावाच्या तोंडचं सांडलं तुमी," सखू रडत म्हणाली. "तीन वरसं बगतीय मी. पानी आनाया गेले तरी तुमचे डोळे माज्या पायावर! आमच्याकडं अशीच छत्री येती गवतात, ल्हानपनापसनं खातो आमी. तितं ढीग पडलाय. उद्या पहाटं पुन्ना आनते आन् माहेरी घेऊन जाते. किती भांडी उलथता बघू."

भागूबाई म्हणाली, "तुमच्याकडची ती येगळी, सखे."

"समदं येगळंच असतं तुमचं."

भागूबाईजवळ सांगण्यासारखे एकच वाक्य होते आणि ते तिने इतकी वर्षे वापरून झिजवले होते.

दिवेलागणीच्या आधी ती पडवीत आली. पायाला भाजले होते तिथे तिने कोरफड बांधली होती. "मास्तर, तुमचा तरी इस्वास हाय का?"

मी तिला विचारले, कशावरून ओळखली.

"पालती करा. खालनं हिरवट मारती. आन् हिला मूळ न्हाई. वारुळाची आसती तिचं मूळ खाली जातं, हातभर. ही वरच्या वर बसल्याली आसती, गड्डा हुऊन. आपल्या माळावर असल्या छत्रीला मूळ न्हाई तर ती आपली न्हाई."

"मग सखूला ते दाखवा."

"खुडल्यालीला मूळ कुटलं दिसनार? जाग्यावर दाखवावं लागंल."

एवढे बोलून ती थांबली. तिला स्वतःचेच वाक्य ऐकू आले असावे. बराच वेळ ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती. आत सखू भावाला सांगत होती, मेंढवाड्याची जागा कुठे, किती अळंबी, पहाटे लवकर उठायला हवे. सगळे ऐकू येत होते.

"पहाटं चला," भागूबाई मला म्हणाली. "तुमी बी. तुमी लिवता-वाचता. तिचा भाऊ तुमचं ऐकंल."

उजाडताना तिने सखूला उठवले. "मेंढवाड्याकडं मागनं जा. आदी माज्यासंगं चल. भावाला बी घे." सखू कुरकुरली, पण निघाली. पुढे भागूबाई, मग सखू, तिचा भाऊ, किसन, शेवटी मी. आम्ही पश्चिमेच्या वाटेने ओढ्यावर गेलो. ओढा ओलांडला. काठाने खाली गेलो, पुन्हा ओलांडला. टेकाडाला वळसा घातला. एका पडीक रानातून गेलो. सखूला धाप लागली तेव्हा भागूबाई थांबली, तिचा हात धरून तिला दगडावर बसवले आणि उठवून पुन्हा चालू लागली.

किसन म्हणाला, "वैनी, मागनं कुनी येत न्हाई. सरळ चला की."

तिला सरळ जाता येत नसावे. पाऊण तासाने आम्ही निवडुंगाच्या एका दाट कुंपणाशी आलो. कुंपणापलीकडे एक पांढरी भिंत दिसत होती. ती माझ्या शाळेची मागची भिंत होती. घरातून सरळ आलो असतो तर दहा मिनिटांची वाट. ज्या खिडकीशी बसून मी सहा वर्षे मुलांची हजेरी घेतली, तिच्यापासून ती जागा पन्नास पावलांवर होती.

भागूबाई खाली बसली आणि निवडुंगाच्या फटीतून आडवी आत गेली. आम्ही बाहेरून वाकून पाहत होतो. आत पुरुषभर उंचीचे जुने वारूळ होते आणि त्याच्या बुडाशी अळंबी. एवढी अळंबी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. तिने खुरपे काढले. जी बाई देठ नखाने खुडून वर माती सारी, ती वारुळात खुरपे घालून खणू लागली. माती ढासळली, वाळवी बाहेर आली. हातभर खणून तिने एक अळंबी अख्खी वर काढली. खाली काळपट, उंदराच्या शेपटीसारखे लांब मूळ होते.

बाहेर येऊन तिने ती सखूच्या एका तळहातावर ठेवली. पदराच्या गाठीतून कालची एक कच्ची छत्री काढून दुसऱ्यावर ठेवली. तिच्या बुडाला कांद्यासारखा गड्डा होता, मूळ नव्हते. उलटी केली तर पोटात हिरवट छटा होती, काल सुपात होती त्याहून गडद.

"आता बग," ती म्हणाली.

सखूने पाहिले. मग ती हातातल्या छत्र्यांकडे न पाहता निवडुंगाच्या फटीकडे पाहत राहिली.

"आक्का, ही जागा तुमी कवापसनं राखली?"

"तू जलमून रांगत हुतीस तवापसनं आसंल."

सखूच्या भावाने तिच्या हातातली गड्ड्याची छत्री घेतली आणि लांब फेकली. "ताई, मेंढवाड्याकडं जायाचं न्हाई," तो म्हणाला.

किसनला राहवले नाही. "वैनी, खरंच इखारी हुती का वं ती?"

"खाऊन बग," भागूबाई म्हणाली आणि घराकडे सरळ वाटेने चालू लागली.

ती छत्री विषारी होती का, हे मला सांगता येणार नाही. ती कोणी खाल्ली नाही, म्हणून कोणी आजारी पडले नाही. वाडीत दोन तट पडले. काहींच्या मते भागूबाईने जावेवर डाव साधला. बाकीचे म्हणत, खोटे बोलण्यासाठी भागूबाई दुसरे काहीही देईल, ते वारूळ देणार नाही. मी दुसऱ्या तटात होतो. त्याची बातमी मी साप्ताहिकाला पाठवली नाही.

सखूला मुलगी झाली. ती बाळ घेऊन परत आली तेव्हा जावा-जावांत गोडी झाली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. भागूबाई बाळाला न्हाऊ घालता घालता सखूला ऐकवी, "तुज्यापायी माजं वारूळ गेलं." आणि वारूळ गेलेच. किसनच्या पोटात काही राहत नसे. पुढच्या आश्लेषात निवडुंगाच्या कुंपणाला तीन नव्या फटी पडल्या होत्या आणि मी हजेरी घेताना खिडकीबाहेर बायकांची भांडणे ऐकत होतो. मूळ पाहण्याच्या नादात लोकांनी वारूळ खणून काढले. त्यानंतरच्या वर्षी तिथे नुसती माती होती. भागूबाई शाळेच्या बाजूला पुन्हा आली नाही. एकदा शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरची स्वारी बघायला सगळी वाडी जमली, तेव्हाही नाही.

त्या सुमारास मी नोकरी सोडून नगरला परत वर्तमानपत्रात आलो. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या एका पावसाळ्यात रस्त्याच्या कामाच्या बातमीसाठी तिसगावला गेलो आणि वाडीत मुक्काम केला. भागूबाई थकली होती. हातात काठी आली होती, गुडघा धरला होता. डोळ्यांत मात्र काही कमी झाले नव्हते. मला पाहून म्हणाली, "मास्तर वाळलं. नगरात खायाला घालत न्हाईत वाटतं."

थोड्या वेळाने सखू बाहेरून आली. डोक्यावर भारा होता. भाऱ्यातून तिने पानांची एक मोटली काढली आणि भागूबाईपुढे पोत्यावर सोडली. अळंबी होती. या घरात आता भागूबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय अळंबी चुलीवर चढत नसे. भागूबाईने एकेक उचलली, पालती केली, हुंगली. एक बाजूला टाकली. "लई कवळी खुडलीस. चार दीस थांबायचं." सखू उभी होती. मग भागूबाईने एका देठाला चिकटलेली माती बोटांत घेतली आणि चोळली. माती पांढुरकी, चुनखडीची होती. वाडीच्या रानात तशी माती नाही. तिने ती पुन्हा चोळली. सखूने ते पाहिले आणि पटकन मोटली उचलून आत नेली. दोघींपैकी कोणी काही विचारले नाही, काही सांगितले नाही. रात्री जेवताना भागूबाईने दोनदा वाढून घेतले.

सकाळी मी फाट्यावर मोटारीची वाट पाहत होतो. रात्री सर येऊन गेली होती. समोर डोंगराची सोंड आहे, तिच्या वरच्या अंगाला चुनखडीचे पांढरे चर दिसतात. त्या चढाच्या वाटेवर एक बाई काठी टेकत चालली होती. दर वीस-पंचवीस पावलांना थांबत होती आणि गुडघ्यावर हात ठेवून मागे वळून पाहत होती. मी ओळखले आणि हात वर केला. तिने मला पाहिले असावे. ती वाट सोडून बाजूला झाली आणि खाली वाकून शेण्या वेचू लागली. त्या चढावर गुरे जात नाहीत. मोटार आली, सामान वर चढले, मी आत बसलो आणि मोटार हलली, तरी ती वाकलेलीच होती.